सॉफ्टवेअर कंपनीचं कन्टेन्ट मार्केटिंग : सपोर्टच्या तिकिटापासून सुरुवात करा

सॉफ्टवेअर कंपनीत कन्टेन्टचं काम, म्हणजे ग्राहक मिळावेत म्हणून साइटवर उपयोगी लेख आणि पानं लिहिणं, बहुतेकदा एकाच पद्धतीने सुरू होतं. कुणीतरी कीवर्डची, म्हणजे लोक गूगलवर टाइप करतात त्या शब्दांची, मोठी यादी काढतं, ज्या शब्दांचा शोध सर्वांत जास्त होतो त्यांच्यावर आधी लिहायचं ठरतं आणि आठवड्याला दोन लेखांचं वेळापत्रक लागतं. मी एका कंपनीत वर्षभर हेच केलं. ट्रॅफिकचा, म्हणजे साइटवर येणाऱ्यांचा, आलेख चढत होता, पण ट्रायल घेणाऱ्यांत, म्हणजे सॉफ्टवेअर आधी वापरून बघणाऱ्यांत, त्या लेखांवरून आलेलं जवळजवळ कुणीच नव्हतं. त्याच वर्षी सपोर्टमधल्या एका सहकारी मुलीने जुन्या एक्सेल फाइलमधली माहिती आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कशी आणायची, याचं दोन पानी टिपण साइटवर टाकलं. रोज तेच उत्तर टाइप करून ती थकली होती, एवढंच त्यामागचं कारण. त्या पानावर माणसं मोजकीच यायची, पण त्यातली बरीच ट्रायल घ्यायची आणि पुढे पैसे भरून टिकायची.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून आहे : काय लिहायचं ते कंपनीला रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवरून ठरवायचं. हा कच्चा माल सपोर्ट, सेल्स आणि इंजिनिअर यांच्याकडे आधीपासूनच पडलेला असतो. तो बाहेर काढायची, क्रम लावायची आणि ताजा ठेवायची व्यवस्था म्हणजे कन्टेन्टची रणनीती.

पुढच्या पायऱ्या समजायला सोप्या जाव्यात म्हणून एकच उदाहरण घेऊ : रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर.

## कोण वापरतं, कोण पैसे देतं, कोण अडवतं

रोज पाळ्या लावते ती मेट्रन. खर्चाला मंजुरी देतो प्रशासक. आणि आयटी विभाग विचारतो की माहिती कुठे साठते, ती कोणाला दिसते, उद्या तुमची कंपनी बंद पडली तर आमचा डेटा आम्हाला परत कसा मिळेल. या तिघांपैकी एकाचं जरी समाधान झालं नाही, तरी व्यवहार तिथेच थांबतो. म्हणून "आमचा वाचक कोण" याचं एकच उत्तर शोधत बसू नका.

काल्पनिक नाव, वय, छंद असलेली पर्सोना, म्हणजे नमुन्याच्या ग्राहकाचं चित्र, बनवण्यात अनेकांचा आठवडा जातो. मला तिचा कधीच उपयोग झाला नाही. त्याऐवजी प्रत्येकासाठी तीन वाक्यं लिहा. सध्या हे काम कशावर भागतं? काय घडलं की पर्याय शोधायला सुरुवात होते? आणि कोणत्या शंकेपाशी पाऊल अडतं? मेट्रनचं सध्या एक्सेलवर भागतं. एकाच रात्री दोघींची रजा मंजूर झाली आणि वॉर्डात एकच परिचारिका उरली, की ती शोधायला लागते. पाऊल अडतं ते या विचाराने, की पन्नास जणींना नवं ॲप शिकवायचं कोणी?

दुसरं वाक्य सर्वांत मोलाचं आहे. हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी 'जॉब्स टू बी डन' ही मांडणी लोकप्रिय केली, तिचा गाभा हाच आहे : माणूस एखादं काम उरकण्यासाठी उत्पादनाला जणू नोकरीवर ठेवतो. ती नोकरीची जागा कोणत्या दिवशी रिकामी झाली, हे तुम्हाला माहीत हवं.

## प्रश्न गोळा करणं

यासाठी दोन आठवडे राखून ठेवा आणि तेवढ्या काळात एकही लेख लिहायला घेऊ नका. वरिष्ठांना हे पटवणं अवघड जातं, पण इथे घाई केली तर पुढचं सहा महिन्यांचं लिखाण अंदाजावर चालतं.

सुरुवात सपोर्टपासून करा. गेल्या ९० दिवसांतली तिकिटं, म्हणजे ग्राहकांनी नोंदवलेले प्रश्न आणि तक्रारी, वाचा, त्यातही ट्रायलवर असलेल्यांची आधी. जुना ग्राहक तक्रार करतो तेव्हा त्याला काहीतरी दुरुस्त करून हवं असतं. ट्रायलवरचा माणूस विचारतो तेव्हा तो घ्यायचं की नाही ते ठरवत असतो.

मग परवानगीने रेकॉर्ड केलेले सेल्सचे कॉल ऐका, निदान दहा. सीआरएममधल्या, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमधल्या, नोंदी वाचून भागवू नका. तिथे विक्रेत्याने ग्राहकाचं बोलणं कंपनीच्या भाषेत बसवलेलं असतं आणि आपल्याला हवे असलेले मूळ शब्द तिथेच गळून पडतात. कॉलमध्ये जिथे ग्राहक क्षणभर थांबतो आणि "पण मग..." म्हणतो, तिथे पेन उचला.

गेल्या महिन्यात ग्राहक झालेल्या पाच-सहा जणांशी स्वतः बोला. "आमचं काय आवडलं" हे विचारू नका, त्याचं उत्तर सौजन्यापोटी येतं. विचारा : ज्या दिवशी पर्याय शोधायचं ठरवलं, त्या दिवशी काय झालं होतं? त्याआधी काय करून पाहिलं? आम्हाला निवडताना कोणाला पटवावं लागलं? सोडून गेलेल्या दोघा-तिघांशीही बोला. हे संभाषण सोपं नसतं, तरी टाळू नका. ते ज्या अपेक्षेने आले होते ती तुमच्याच एखाद्या पानाने निर्माण केलेली असते.

शेवटी दोन कोरडे पण उपयोगी स्रोत राहतात. तुमच्या साइटवरच्या शोधपेटीत लोक काय टाइप करतात ते बघा, आणि गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, ज्या शोधांना तुमची पानं दिसतात पण कुणी क्लिक करत नाही ते बघा.

हे सगळं एका तक्त्यात भरा. रकाने सहा : प्रश्न, विचारणारा, निर्णयाचा टप्पा, किती वेळा आला, सध्या उत्तर कुठे लिहिलेलं आहे, आणि खरं उत्तर कंपनीत कोणाला माहीत आहे. पहिल्या रकान्यात ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे ठेवा. कंपनी म्हणते 'वर्कफोर्स ऑप्टिमायझेशन'. मेट्रन म्हणते, "नाइट ड्युटी सगळ्यांना सारखी कशी वाटायची?" लेखाचं शीर्षक मेट्रनने आधीच देऊन ठेवलं आहे.

## क्रम लावणं

आता तक्त्यात शंभर-दोनशे ओळी असतील. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण द्या. या प्रश्नाचं उत्तर देताना तुमच्या सॉफ्टवेअरशिवाय जवळजवळ भागतच नसेल तर तीन. त्याची मदत होत असेल तर दोन, ओझरता उल्लेख करता येत असेल तर एक, आणि ओढूनताणून आणावं लागत असेल तर शून्य. एसईओची, म्हणजे शोधात पानं वर आणण्याच्या कामाची, साधनं बनवणारी अहरेफ्स ही कंपनी स्वतःचे विषय अशाच पट्टीवर निवडते आणि तिने ही पद्धत उघडपणे सांगितली आहे. हे गुण आणि प्रश्न किती वेळा आला तो आकडा, या दोन्हींवरून क्रम ठरतो.

महिन्याला किती शोध होतात, हा निकष तिसरा. कीवर्डची साधनं देतात ते अंदाज असतात, आणि नेमक्या, अरुंद प्रश्नांपुढे ती बऱ्याचदा शून्य दाखवतात. 'रोटेशन ड्युटी एक्सेलमध्ये आपोआप कशी लावायची' यापुढे शून्य दिसलं म्हणून तो प्रश्न टाकून देऊ नका, तुमच्या सपोर्टला तो चार वेळा आलेला आहे. उलट 'परिचर्येत नेतृत्वाचं महत्त्व' या विषयाला वाचक भरपूर मिळतील आणि गुण मिळेल शून्य. माझं वाया गेलेलं वर्ष अशाच विषयांवर गेलं.

म्हणजे लिहायचं ते खालून वर. जे आत्ताच पर्याय शोधत आहेत त्यांची उत्तरं आधी, ज्यांना त्रास जाणवतो पण उपाय माहीत नाही त्यांची नंतर, आणि ज्यांना त्रासाचीच जाणीव नाही त्यांच्यासाठी सर्वांत शेवटी.

या शेवटच्या, वरच्या थराकडे कायमचं दुर्लक्ष मात्र करू नका. मार्केटिंगवर संशोधन करणाऱ्या एरेनबर्ग-बास संस्थेचे प्राध्यापक जॉन डॉज यांनी २०२१ मध्ये ९५:५ चा नियम मांडला. हिशेब साधा आहे. कंपन्या एखादी सेवा सरासरी पाच वर्षांनी बदलत असतील, तर वर्षभरात २० टक्के आणि एका तिमाहीत जेमतेम ५ टक्के ग्राहक खरेदीच्या तयारीत असतात. उरलेल्या ९५ टक्क्यांना आज काही विकता येत नाही, पण त्यांची वेळ येईल तेव्हा तुमचं नाव आठवायला हवं. शेतीची अवजारं बनवणारी जॉन डीअर १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी नियतकालिक काढते, ते याच विचाराने. तुमचा आकडा पाच टक्केच असेल असं नाही. तुमचे ग्राहक किती वर्षांनी सॉफ्टवेअर बदलतात यावरून तो काढा आणि वरच्या थराला किती वेळ द्यायचा ते ठरवा.

## पहिली दहा पानं

नव्या कंपनीने पहिल्या तिमाहीत दहा चांगली पानं उभी केली तरी पुष्कळ झालं. ती साधारण अशी असावीत.

किंमतीचं पान पूर्ण हवं. नेमका आकडा देणं शक्य नसेल तर तो कशावर ठरतो ते तरी सांगा : किती वापरकर्ते, किती वॉर्ड, कोणती जोडणी. "संपर्क साधा" एवढंच वाचून प्रशासक दुसऱ्या कंपनीच्या पानावर जातो, कारण त्याला आज दुपारच्या बैठकीत ढोबळ आकडा सांगायचा असतो.

स्थलांतराचं पान सर्वांत दुर्लक्षित असतं आणि, माझ्या अनुभवात, सर्वांत फळ देतं. जुन्या पद्धतीतून तुमच्याकडे येताना काय आपोआप येतं, काय हाताने भरावं लागतं, किती वेळ लागतो आणि काय येतच नाही, हे सगळं लिहा. "काय येत नाही" हा परिच्छेद कुणी गाळायला सांगितला तर त्यासाठी भांडा. तो वाचूनच आयटी विभागाचा बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो.

तुलनेची पानं लिहिताना पहिला प्रतिस्पर्धी एक्सेल आहे, हे लक्षात घ्या. दुसऱ्या कंपनीशी तुलना करताना तिची सध्याची माहिती तिच्याच साइटवरून तपासून घ्या, तपासल्याची तारीख टाका आणि तिचं उत्पादन कोणासाठी जास्त योग्य आहे ते स्पष्ट लिहा. वीस परिचारिकांच्या रुग्णालयाला एक्सेल पुरत असेल तर तसं सांगा. ज्याला तुमचा उपयोग होणार नव्हता, तो ट्रायलमध्ये येऊन सपोर्टचा वेळ खात नाही, आणि दोनशे परिचारिका झाल्यावर त्याला तुमचं खरं बोलणं आठवतं.

तुमचं सॉफ्टवेअर इतरांशी जोडलं जात असेल, तर प्रत्येक जोडणीचं वेगळं पान करा. वेगवेगळी ॲप एकमेकांना जोडणाऱ्या झॅपिअरने हे मोठ्या प्रमाणावर केलं : कोणत्याही दोन ॲपच्या जोडीसाठी एक पान, त्यामुळे ती दोन नावं एकत्र शोधणारा माणूस थेट तिथे पोचतो. पण त्या पानावर खरोखर वेगळी माहिती हवी. फक्त नावं बदलून साच्यातून शेकडो पानं काढली तर गूगल त्याला स्पॅम धरतं. मार्च २०२४ मध्ये आलेल्या धोरणात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, मग ती पानं माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने.

यांत सुरक्षा आणि डेटा यांबद्दलचं एक पान, प्रत्येक भूमिकेसाठी एक-एक पान, आणि एका ग्राहकाची सविस्तर हकीकत घाला. हकीकतीत अडचणीही येऊ द्या. पहिल्या आठवड्यात काय चुकलं आणि ते कसं सुधारलं, हेच नव्या माणसाला वाचायचं असतं.

## डॉक्युमेंटेशन हेसुद्धा मार्केटिंगच

तुमचा ग्राहक डेव्हलपर असेल तर त्याच्यासाठी डॉक्युमेंटेशन, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणारी पानं, हीच जाहिरात. तो मुखपृष्ठ वाचत नाही, थेट एपीआयच्या, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायच्या सोयीच्या, पानावर जातो आणि पाच मिनिटांत पहिली विनंती यशस्वी होते का ते बघतो. ऑनलाइन पैसे स्वीकारायची सेवा देणाऱ्या स्ट्राइपचं नाव डेव्हलपरांमध्ये झालं त्यात तिच्या डॉक्युमेंटेशनचा मोठा वाटा आहे. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या डिजिटलओशनने लिनक्स सर्व्हर कसा उभारायचा, डेटाबेस कसा बसवायचा यावर शिकवण्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने शिकवणारी टिपणं, लिहिल्या. त्यांतल्या बऱ्याचशा दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवरही तशाच चालतात, आणि त्यामुळेच जे ग्राहक नाहीत तेही त्या वर्षानुवर्षं वापरतात.

डॉक्युमेंटेशन लॉगिनच्या आत ठेवू नका. खरेदीआधी तपासणारा माणूस तिथे पोचलाच पाहिजे.

दानिएले प्रोचिदा यांची डायटॅक्सिस ही मांडणी इथे फार उपयोगी पडते. तांत्रिक लिखाणाचे ती चार प्रकार करते : नवशिक्याला हात धरून नेणारी शिकवणी, ठरावीक काम उरकायची कृती, संदर्भासाठीची नोंद आणि संकल्पना उलगडणारं स्पष्टीकरण. हे एका पानात मिसळले की चारही प्रकारच्या वाचकांची गैरसोय होते. कृती शोधत आलेल्या मेट्रनला 'पाळ्यांच्या नियमांमागचं तत्त्वज्ञान' ओलांडून जावं लागतं आणि ती खिडकी बंद करते.

## इंजिनिअरच्या डोक्यातलं कागदावर आणणं

खरी माहिती ज्यांच्याकडे असते त्यांना लिहायला वेळ नसतो. त्यांना लेख मागितला तर तो येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्याकडे फक्त तीस मिनिटं मागा.

भेटीआधी एक दिवस तक्त्यातला एकच प्रश्न पाठवा. भेटीत रेकॉर्डिंग सुरू करा आणि साधारण हे विचारा :

१. हे काम बहुतेक लोक कसं करतात, आणि त्यात नेमकं कुठे फसतं?
२. तुम्ही दुसरा कोणता मार्ग विचारात घेतला होता, आणि तो का सोडला?
३. शेवटी हे बिघडलेलं कधी पाहिलं? कारण काय निघालं?
४. आमचं सॉफ्टवेअर इथे कुठे तोकडं पडतं?
५. नव्या सहकाऱ्याला तुम्ही यातली कोणती गोष्ट पहिल्याच दिवशी सांगता?

दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात असं काही सापडतं जे दुसऱ्या कुणाच्याच साइटवर नसतं. त्यावर मसुदा तुम्ही तयार करा आणि इंजिनिअरला फक्त तथ्य तपासायला द्या. शैलीवर मत मागू नका, नाहीतर मसुदा तीन आठवडे अडकून पडतो. दोन दिवसांची मुदत ठरवा आणि लेखावर त्यांचं नाव द्या. गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये शोधाच्या निकालांची गुणवत्ता तपासणाऱ्यांसाठीच्या सूचनांमध्ये कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला 'अनुभव' हा निकष घातला. त्या सूचनांवरून क्रमवारी थेट ठरत नाही, पण शोधयंत्राला काय वर आणावंसं वाटतं ते त्यातून कळतं. वाचकाला तर ते केव्हापासून हवंच होतं.

## एक लेख लिहिताना

पहिल्या परिच्छेदात उत्तर द्या. तपशील, अपवाद आणि कारणं त्यानंतर. सॉफ्टवेअरशिवाय ते काम कसं होतं तेही प्रामाणिकपणे दाखवा, आणि हाताने करणं जिथे खरोखर जिकिरीचं होतं तिथेच तुमचं उत्पादन आणा. मग ते विक्रीसारखं वाटत नाही.

स्क्रीनशॉटमध्ये खऱ्यासारखी माहिती भरा. 'टेस्ट १, टेस्ट २' असं दिसलं की हे कुणी वापरून पाहिलेलं नाही, हे वाचकाला लगेच कळतं. कोडचा प्रत्येक तुकडा कोऱ्या मशीनवर चालवून बघा. आवृत्ती क्रमांक आणि शेवटचा बदल केल्याची तारीख लेखाच्या वरच लिहा.

एआयच्या साधनांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मुलाखतीचा मजकूर उतरवणं, आराखड्यातल्या फटी दाखवणं, लांबलेलं आखूड करणं यासाठी ती जरूर वापरा. माहितीचा उगम म्हणून वापरू नका. मे २०२४ पासून गूगल शोधाच्या पानावरच एआयचा सारांश देऊ लागलं. 'शिफ्ट शेड्यूलिंग म्हणजे काय' याचं उत्तर वाचकाला आता तिथेच मिळतं, त्यासाठी तो तुमच्याकडे येणार नाही. तुमच्या इंजिनिअरने तीन वेळा चुकून मग शोधलेली पद्धत वाचायला मात्र त्याला यावंच लागतं.

## पोचवणं

इथे फार गुंतागुंत नाही. प्रश्न ज्यांनी विचारला होता त्यांना आधी उत्तर पाठवा : सपोर्टच्या तयार उत्तरांत दुवा घाला, सेल्सच्या पाठपुराव्याच्या ईमेलमध्ये घाला, ट्रायलच्या ज्या पडद्यावर लोक अडखळतात तिथे घाला. मग तुमचे ग्राहक खरोखर जिथे जमतात अशी दोनच ठिकाणं निवडा आणि तिथे नियमित राहा. नुसता दुवा टाकू नका, उत्तर तिथल्या तिथे द्या. तोच लेख दुसऱ्या साइटवर छापायचा झाला तर कॅनॉनिकल टॅग, म्हणजे मूळ पान कोणतं ते शोधयंत्राला सांगणारी खूण, मूळ पानाकडे ठेवा. पुढे पानाचा पत्ता बदललात तर जुन्याहून नव्याकडे ३०१ पुनर्निर्देशन लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्यावर पोचतो.

## मोजणं

एकूण ट्रॅफिकचा आकडा अहवालात सर्वांत वर ठेवू नका. तो वर असला की सगळी टीम त्याच्यामागे धावते आणि विषय पुन्हा पातळ होतात.

मी पानांचे तीन गट करते. खरेदीच्या जवळच्या पानांना ट्रायल आणि डेमोच्या मागणीवर मोजते. कृती आणि डॉक्युमेंटेशनच्या पानांना त्या विषयावरची तिकिटं किती घटली यावर मोजते. हा आकडा वरिष्ठांना लवकर पटतो, कारण सपोर्टचा वाचलेला वेळ त्यांना डोळ्यांनी दिसतो. वरच्या थरातल्या लेखांसाठी पुन्हा येणारे वाचक आणि कंपनीचं नाव घेऊन होणारे शोध बघते, आणि त्यांना निदान वर्ष देते.

साइनअपच्या अर्जात "आमच्याबद्दल कुठून कळलं?" ही मोकळी चौकट ठेवा, पर्यायांची यादी देऊ नका. साइटवरची ये-जा मोजणारं ॲनालिटिक्स शेवटची क्लिक दाखवतं. माणूस लिहितो, "मैत्रिणीने तुमचा रजेच्या नियमांवरचा लेख पाठवला होता." ही वाट कोणतंही साधन पकडत नाही.

अपेक्षा आधीच बोलून घ्या. सपोर्ट आणि सेल्समधला परिणाम काही आठवड्यांत दिसू शकतो. नव्या साइटला शोधातून लोक यायला बरेच महिने लागतात, आणि हे पहिल्या दिवशी सांगितलं नसेल तर चौथ्या महिन्यात बजेट कापलं जातं.

## डागडुजी

सॉफ्टवेअर दर महिन्याला बदलतं, लेख मात्र तिथेच राहतो. बटणाची जागा बदललेली असते, जुन्या योजनेची किंमत तशीच दिसत असते, आणि वाचक लेखावर विसंबून चुकतो. म्हणून तक्त्यात प्रत्येक लेखासमोर तो कोणत्या फीचरवर अवलंबून आहे ते लिहा, आणि रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढतानाच्या, चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवून घ्या : "या बदलामुळे कोणती पानं चुकीची ठरतात?" ही ओळ इंजिनिअरिंगच्या चेकलिस्टमध्येच हवी. मार्केटिंगला बदल कळेपर्यंत तो ग्राहकापर्यंत गेलेला असतो.

दर तिमाहीला अर्धा दिवस सपोर्ट, सेल्स, प्रॉडक्ट आणि कन्टेन्ट यांतला एकेक जण एकत्र बसवा. प्रत्येक पानाबद्दल तीनपैकी एक निर्णय घ्या : आहे तसं ठेवायचं, दुरुस्त करायचं, की काढून जवळच्या पानात विलीन करायचं. मग ९० दिवसांची नवी तिकिटं उघडा, तक्त्यात घाला आणि पुढच्या तिमाहीचे दहा प्रश्न निवडा. दोघांच्या टीमला महिन्याला तीन-चार नवी पानं आणि तेवढ्याच जुन्यांची दुरुस्ती झेपते. याहून जास्त कबूल करू नका.